व्याह्यांचं आडनाव

आमच्या तनयाचं लग्न ठरलं तेव्हा मला जावयाचा स्वभाव कळला, नोकरी कळली, त्याला तिखट झेपतं हेही कळलं. आमच्या ह्यांना मात्र आधी आडनाव हवं होतं. तनयाने फोनवर सांगितलं, "टॉम लफेव्हर," आणि हे फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात आले.

"श्यामला, फ्रेंच नाव आहे! जुनं घराणं दिसतंय."

"फोनवर घराणं कसं दिसलं तुम्हाला?"

"अगं, सुरुवातीला 'ल' आहे ना. फ्रेंच लोकांत नावाआधी असं काहीतरी लावलेलं असलं की ते उमराव."

मी चोवीस वर्षं लंडनमधल्या पिनरच्या एका सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, रिसेप्शनवर बसले. दिवसाला शंभर नावं लिहून घ्यायचे, पोलिश, तमिळ, आयरिश, कुठलीकुठली. सगळ्यांना आजचीच अपॉइंटमेंट हवी असते, एवढंच मला त्या नावांतून कळलं. पण नवऱ्याला कोण शिकवणार? हे हाडांचे मोठे डॉक्टर, कन्सल्टंट म्हणून रिटायर झालेले. त्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं. आठ दिवसांत आमच्या मराठी मंडळात बातमी पसरली, की वाठारकरांचा जावई फ्रेंच सरदार घराण्यातला आहे.

आडनावावरून माणूस मापायची सवय आपण विमानात बसताना घरी ठेवून येत नाही. मंडळात कोणी नवीन जोडपं आलं की पहिला प्रश्न, "नाव काय?" दुसरा, "मूळचे कुठले?" तिसरा कोणी तोंडाने विचारत नाही, पण तोपर्यंत उत्तर मिळालेलं असतं. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा गणपतीला गेलो तेव्हा रेखाताईंनी आम्हाला असंच मापलं. तेव्हापासून आजतागायत मंडळ त्याच चालवतात. वाठारकर, सातारा जिल्हा, नवरा सर्जन. "म्हणजे देशस्थ ना?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच मान हलवली. हे 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'सुद्धा म्हणाले नाहीत. नुसते हसले, आणि त्या एका हसण्यावर आमची चाळीस वर्षं निघून गेली.

आमचं खरं आडनाव लोहार. माझे सासरे ज्ञानदेव सखाराम लोहार, वाठारच्या वेशीजवळ त्यांची भट्टी. नांगराचे फाळ, विळे, खुरपी, बैलगाडीच्या चाकाला चढवायची लोखंडी धाव, पंचक्रोशीतलं सगळं लोखंड त्यांच्या हाताखालून गेलेलं. माझं माहेरही कऱ्हाडच्या लोहाराचंच. ह्यांनी नाव बदललं ते डॉक्टर झाल्या झाल्या, सरकारी गॅझेटमध्ये रीतसर छापून. कारण मला लग्नानंतर कळलं. कॉलेजात वॉर्डात फिरताना एका प्रोफेसरने हजेरीतलं नाव वाचलं आणि पेशंटसमोर म्हणाला, "लोहार? मग तुम्ही स्टेथस्कोप कशाला घेतलाय, घण आणा." पोरं हसली. पेशंटही हसला. ह्यांनी ते हसू मनात ठेवलं आणि नाव टाकून दिलं. त्या वेळच्या त्या पोराचा मला राग येत नाही. तो एकवीस वर्षांचा होता आणि एकटा होता.

राग येतो तो सत्त्याण्णव सालचा. त्या वर्षी आबा, म्हणजे माझे सासरे, इथे आले. एकदाच आले, दोन महिने राहिले. मंडळाच्या कार्यक्रमात ह्यांनी त्यांची ओळख करून दिली, "माझे वडील. गावाकडे शेती असते." आबांनी हळूच दोन्ही हात शालीखाली घेतले. तळहातांवर ठिणग्यांचे जुने काळे डाग होते, ते शेतकऱ्याच्या हातावर नसतात. जायच्या दिवशी हीथ्रोवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाई, म्या शेतकरी कवा झालो गं? आपल्याला तर गुंठाभर बी रान न्हाई." रागाने नाही, खरोखर विचारत होते. मी त्यांची शाल सारखी केली. सहा वर्षांनी ते गेले. माझ्या दोन्ही मुलांना, गंधारला आणि तनयाला, आजोबा शेतकरी होते एवढंच माहीत.

तर व्याहीभेट ठरली. टॉमची आई नाही, वडील एकटे, पीटर लफेव्हर, राहणार क्रॉयडन. वीस वर्षं तिथली ट्रॅम चालवून रिटायर झालेले. ट्रॅम ऐकल्यावर हे जरा दचकले, पण मग म्हणाले, "सरदार घराणी आता अशीच राहिलीत गं. वाडे गेले, नाव राहिलं." आणि मुद्दाम त्या दिवशी रेखाताईंना जेवायला बोलावलं. माझ्या लक्षात आलं, ह्यांना साक्षीदार हवा होता.

पीटर आले ते हातात गुलाबाचं रोप घेऊन, स्वतःच्या बागेतलं. आल्या आल्या बूट काढले, न सांगता. पुरणपोळीवर त्यांनी तूप मागून घेतलं तेव्हाच मला माणूस आवडला. जेवणं झाली, आणि ह्यांनी घसा साफ केला.

"पीटर, तुमचं नाव फार जुनं असणार. अर्थ काय त्याचा? आमच्या रेखाताईंना अशा गोष्टींत फार इंटरेस्ट आहे."

पीटर खूश झाले. खुर्चीत सरसावून बसले. त्यांचं इंग्रजी बोलणं मी माझ्या मराठीत सांगते.

"अर्थ सोपा आहे. लफेव्हर म्हणजे लोहार. ल म्हणजे तो, आणि फेव्हर म्हणजे लोहार. जुनी फ्रेंच. गावात एकच भट्टी असायची, सगळे म्हणायचे त्या लोहाराकडे जा. तेच नाव पडलं. सगळं गाव ज्याच्या दारात यायचं, त्या माणसाचं नाव आहे ते."

रेखाताईंची वाटी हातातच राहिली. मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही, बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

पीटरना कसलाच पत्ता नव्हता. ते आपले रंगात आले होते. "सोळाशे पंच्याऐंशीनंतर आमचे लोक इथे आले. प्रॉटेस्टंट होते, फ्रान्सच्या राजाने धर्म सोडा म्हणून छळ मांडला, तेव्हा बोटीत बसून पळाले. घर टाकलं, जमीन टाकली. लंडनला येऊन माझ्या पूर्वजांनी रेशीम विणलं, पोटासाठी. त्या काळात अशा कितीतरी लोकांनी नाव बदलून सरळ स्मिथ केलं. अर्थ तोच, आणि इथे कोणी हसत नाही. आमच्यांनी नाही केलं. माझ्या घरात तीनशे वर्षांत कोणी लोखंडाला हात लावलेला नाही, आणि मला आजही फोनवर प्रत्येकाला स्पेलिंग सांगावं लागतं. पण मी सांगतो. सगळं टाकून आलेल्या माणसांनी एवढं एकच बरोबर आणलं, ते मी कसं टाकू?"

टॉम म्हणाला, "डॅड हे बसस्टॉपवर पण सांगतो लोकांना." सगळे हसले. मग पीटरनी अगदी सहज विचारलं, "आणि तुमच्या नावाचा अर्थ काय, गिरीश?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"वाठार नावाचं गाव आहे," हे म्हणाले. "वाठारकर म्हणजे वाठारचे."

"आणि वाठारला तुमचे लोक काय करायचे?"

ह्यांनी एकदा रेखाताईंकडे पाहिलं. "जमीन वगैरे," म्हणाले, आणि उठून बडीशेप आणायला गेले. आमच्या घरात बडीशेप मी आणते. त्यांना डबा कुठे असतो तेही माहीत नाही.

पाहुणे गेल्यावर तनया माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तिच्या मराठीत नाम-क्रियापदांची अजून मारामारी असते. "आई, पीटरचा स्टोरी किती मस्त होती ना? आपला पण काहीतरी स्टोरी असेल. आजोबा फक्त फार्मर होते?"

"तुझ्या बाबांना विचार," मी म्हटलं.

ती गेल्यावर हे आले. मी भांडी धूत होते, वळून पाहिलं नाही.

"अहो, पुढच्या महिन्यात देवक आहे."

"हो. मग?"

"देवकाला हातोडा आणि सांडशी ठेवणार असाल तर मी बसेन. नाहीतर बसणार नाही."

देवक म्हणजे घराण्याची खूण. लग्नाआधी आईवडिलांनी जोडीने पाटावर बसून ती देवापुढे पुजायची, मगच पुढचं कार्य. कोणाचं देवक आंब्याची डहाळी असतं, कोणाचं वडाची. आमचं हातोडा आणि सांडशी. माझ्या लग्नात आबांनी आपली भट्टीतली हत्यारं विहिरीवर घासून, हळदकुंकू लावून सुपात ठेवली होती. पण आमच्या गंधारच्या लग्नात गुरुजींनी विचारलं, "देवक काय आपलं?" आणि हे चटकन म्हणाले, "पंचपल्लव." पाच झाडांची पानं आली, पूजा झाली, फोटो निघाले. मी शेजारच्या पाटावर होते आणि गप्प बसले. तो राग अजून गेलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवर आहे.

"अगं, सगळं मंडळ असणार," हे म्हणाले. "रेखाताई असणार. चाळीस वर्षं ते आपल्याला... आता ह्या वयात काय सांगायचं? की आम्ही फसवलं?"

"फसवलं नाही. लपवलं. आणि मंडळाचं मला काही पडलेलं नाही. माझी मुलगी घरातून जाणार आहे. ती कोणाची नात म्हणून जाणार ते तुम्ही ठरवा."

"तुला काय, बोलायला सोपं आहे."

मी हात पुसले आणि वळले. "सोपं? तुम्ही कॉलेजात एकदा हसू ऐकलंत. मी चाळीस वर्षं तुमच्या शेजारी बसून दर गणपतीला तुमचं ते हसू बघतेय. एक माणूस तीनशे वर्षांपूर्वीचा लोहार आपल्या पुढ्यात छाती पुढे काढून सांगून गेला. तुमचा लोहार तर तुमचा बाप होता!"

पुढचे तीन आठवडे त्या विषयावर एक शब्द नाही. हॉलचं बोलायचो, जेवणाचं बोलायचो, तनयाच्या शालूचं बोलायचो. मी वरून ठाम होते, पण आतून घाबरलेली होते. मुलीचं देवक अडवून बसणारी आई होणं मला झेपलं असतं का, देव जाणे. पण मागे घ्यायचं नाही एवढं मी ठरवलं होतं.

देवक शनिवारी सकाळी होतं, लग्न रविवारी. ईलिंगहून गुरुजी आले, अनिश नावाचे. आठवडाभर एका बँकेत सॉफ्टवेअर बघतात आणि सुट्टीच्या दिवशी धोतर नेसतात. आमच्या दिवाणखान्यात मंडळातल्या वीसएक बायका-पुरुष, मधोमध रेखाताई, नऊवारी नेसून. पीटर आणि टॉम सोफ्याच्या कडेला, पीटरनी कोणाकडून तरी कुर्ता मिळवला होता आणि तो त्यांना छान दिसत होता. तनया हिरव्या बांगड्या भरून देवापाशी उभी, शेजारी गंधार.

पाट मांडले. हे सोवळं नेसून एका पाटावर बसले. दुसरा पाट रिकामा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"काकू, या ना," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही आधी विचारा," मी म्हटलं.

गुरुजींना काही कळलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गुरुजींनी सूप पुढे ओढलं. बाजूला त्यांनी आपण होऊन पाच पानं आणलेलीच होती, वेंब्लीच्या दुकानातून, ओल्या फडक्यात गुंडाळून. "काका, देवक काय आपलं? पंचपल्लवच ना?"

किती सोपं होतं. 'हो' म्हणायचं, नाहीतर नुसतं हसायचं. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग तनयाकडे.

"नाही," ते म्हणाले. "हातोडा आणि सांडशी."

खोलीत कोणीतरी कप ठेवत होतं, ते थांबलं. गुरुजी म्हणाले, "सॉरी?"

"हातोडा आणि सांडशी. आम्ही लोहार. माझे वडील वाठारचे लोहार होते. ज्ञानदेव सखाराम लोहार." प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं. "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. आज नाही सांगणार."

मला वाटलं होतं की हा क्षण आला तर मी विजयी चेहऱ्याने पाटावर जाऊन बसेन. मी दाराला धरून उभी राहिले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

गुरुजी हुशार पोरगा. त्याने पानं गुंडाळून बाजूला ठेवली. "छान. मग वस्तू आहेत का घरात?"

नव्हत्या. हट्ट धरताना ह्याचा विचार मीही केला नव्हता. आबांची हत्यारं केव्हाच गावातल्या दुसऱ्या भट्टीत गेलेली. पण हे सोवळ्यातच उठले, तसेच गॅरेजमध्ये गेले, आणि परत आले ते हातात ऑपरेशनचा हातोडा घेऊन. तीस वर्षं त्यांनी ह्या हातोड्याने लोकांच्या मोडक्या मांड्यांत सळया ठोकल्या. शेवटच्या दिवशी थिएटरमधल्या नर्सेसनी तो त्यांना भेट दिला होता. मी डोळे पुसले, ओट्यावरची दुधाचं पातेलं उतरवायची सांडशी घासून घेतली आणि पाटावर येऊन बसले. दोन्ही वस्तू सुपात ठेवल्या. मी हळदकुंकू लावलं.

पीटरनी टॉमला कोपराने ढोसलं, काय चाललंय म्हणून. तनयाने सांगितलं. सांगता सांगता तिचाच आवाज फुटला, "माय ग्रँडफादर वॉज अ ब्लॅकस्मिथ. बाबा, सिरियसली? म्हणजे मी पण लफेव्हरच आहे? ऑलरेडी?"

"तू लोहार आहेस," हे म्हणाले. "आधीपासून."

पीटर उठून उभे राहिले. पूजेत मध्ये उठायचं नसतं हे त्यांना कोण सांगणार. सरळ आले आणि पाटाजवळ गुडघे टेकून ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझ्या घरात खरा लोहार बघितलेला माणूस शेवटचा कधी होऊन गेला, कोणाला माहीत नाही. तुम्ही बघितलाय. मला सांगा, तो कसं करायचा?"

रेखाताईंनी तेवढ्यात तोंड उघडलं. "अहो डॉक्टर, पण इतकी वर्षं आम्हाला..."

"रेखाताई, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं," हे म्हणाले. "चूक माझी. आता बोलतोय, ऐका."

आणि ते बोलायला लागले. इंग्रजीत सुरू केलं, मध्येच मराठीत शिरले, पुन्हा इंग्रजीत आले. भाता कसा ओढायचा, सहा वर्षांचे असल्यापासून तो ओढायचं काम त्यांचं. लोखंड कुठल्या लाल रंगाचं झालं की भट्टीतून काढायचं, कुठल्या रंगावर घण घालायचा, आणि रंग उतरला की हात कसा थांबवायचा. फाळाला पाणी देताना, म्हणजे तापलेला फाळ पाण्यात बुडवून कडक करताना, आबा आधी आवाज ऐकायचे, बघायचे नंतर. पेरणीच्या आधी दारात बैलगाड्यांची रांग लागायची आणि पाटलालाही त्या रांगेत उभं राहावं लागायचं. हे सांगताना त्यांनी हात वर केला, घण उचलल्यासारखा, आणि सत्तर वर्षांच्या माझ्या नवऱ्याचा खांदा एकदम ताठ झाला. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, आणि मला त्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. कन्सल्टंट झाले तेव्हासुद्धा नाही.

गुरुजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. शेवटी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "काकू, मुहूर्त टळतोय."

"टळू दे," मी म्हटलं. "मी चाळीस वर्षं थांबलेय गुरुजी, तुम्ही पाच मिनिटं थांबा."